पोवळ्याचें बेट आणि तेथील गोडें पाणी

ज्या मुलखांत वर्षाकाठीं सव्वाशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तेथें पाण्याची वाण ती कसली, असा प्रश्न खानदेशांतील कोणाहि शेतकऱ्याच्या मनांत येणें साहजिक आहे. आपल्या जळगांव जिल्ह्यांत सरासरीनें २८ इंचांच्या आसपास पाऊस होतो. धुळ्याकडील कोरड्या तालुक्यांत त्याहूनहि कमी. तेवढ्यावर आपण कापूस, ज्वारी, बाजरी घेतों आणि विहिरीच्या जोरावर केळीहि पिकवितों. मग आपल्या चौपट पाऊस ज्याच्या पदरांत पडतो, तें ठिकाण पाण्यानें व धान्यानें भरून वाहत असलें पाहिजे. परंतु प्रशांत महासागरांत असें एक बेट आहे कीं, जेथें इतका पाऊस पडूनहि नदी नाहीं, ओढा नाहीं, नांगर धरण्याजोगी माती नाहीं. आणि कांहीं महिने पावसानें ओढ दिली कीं माणसांना पाणी बादलीनें मोजून द्यावें लागतें. तरीहि शेंकडों वर्षें तेथें लोक राहिले, त्यांनीं शेती केली आणि मुलेंबाळें वाढविलीं. हें त्यांनीं कसें साधलें व अलीकडे तें कां अवघड झालें, याची माहिती प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. ही माहिती निव्वळ मनोरंजनाची नाहीं. विहिरीवर ज्याचा संसार चालतो त्यानें ती अवश्य ध्यानीं घ्यावी, अशा योग्यतेची ती आहे.

बेट कोठें आहे

फुनाफुटी हें त्या बेटाचें नांव. आपले हजारों देशबांधव गिरमिटावर ज्या फिजी बेटांत गेले, त्यांच्या उत्तरेस सुमारें साडेसहाशें मैलांवर तें आहे. तुवालू नांवाच्या एका लहानशा राष्ट्राचें हें मुख्य ठिकाण होय. तुवालू या शब्दाचा अर्थ ‘एकत्र उभे असलेले आठ’ असा आहे. बेटें एकंदर नऊ. परंतु पूर्वापार वस्तीचीं आठच, म्हणून हें नांव पडलें. इंग्रजी अमलांत यांस एलिस बेटें म्हणत. १ ऑक्टोबर १९७८ रोजीं तीं स्वतंत्र झालीं. नऊ बेटांची मिळून जमीन अवघी १० चौरस मैल आणि लोकसंख्या दहा-अकरा हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या बाजारगांवाएवढी. त्यांतील निम्म्याहून अधिक लोक एकट्या फुनाफुटीवर राहतात. हे लोक पॉलिनेशियन वंशाचे असून उलंडीच्या होड्यांतून दूर दूर प्रवास करणारे म्हणून प्रसिद्ध आहेत.

फुनाफुटीस बेट म्हणण्यापेक्षां बांगडी म्हणणें अधिक योग्य होईल. मध्यें सुमारें शंभर चौरस मैलांचें खाऱ्या पाण्याचें सरोवर आणि त्याच्या काठाकाठानें जमिनीचे तीसहून अधिक लहान तुकडे, अशी त्याची ठेवण आहे. भूगोलाच्या पुस्तकांत यासच कंकणद्वीप म्हणतात. सर्व तुकड्यांची जमीन एकत्र केली तरी ती सुमारें ६०० एकर भरते. सर्वांत मोठा तुकडा फोंगाफाले. तो सुमारें साडेसात मैल लांब आहे. पण रुंदी जास्तींत जास्त १,३०० फूट, आणि अरुंद जागीं तर वीस-पंचवीस पावलें टाकलीं कीं महासागराच्या काठावरून माणूस सरोवराच्या काठावर पोंचतो. उंचीचें म्हणाल तर धाब्याच्या घराहून उंच अशी जागा साऱ्या देशांत क्वचितच सांपडेल.

बेट कसें झालें

पोवळें हा दगड नव्हे आणि वनस्पतीहि नव्हे. तें एका सूक्ष्म जलचर प्राण्याचें घर आहे. हा प्राणी समुद्राच्या पाण्यांतील चुना घेऊन आपल्याभोंवतीं कवच बांधतो. तो मेला कीं त्याच्या कवचावर पुढच्या पिढीचें कवच चढतें. त्याच्या शरीरांत एक अतिसूक्ष्म शेवाळ वस्ती करून असतें व सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून यजमानासहि पुरवितें. म्हणून पोवळ्यास उबदार, स्वच्छ व उथळ पाणी लागतें. सुमारें दीडशें फुटांखालीं प्रकाश मंद झाला कीं त्याचीं मोठीं बांधकामें होत नाहींत.

मग हजारों फूट खोल समुद्रांत हीं बेटें उभीं राहिलीं कशीं? याचें उत्तर इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यानें १८४२ सालीं दिलें. आरंभीं समुद्रांतून ज्वालामुखीचा डोंगर वर येतो. त्याच्या किनाऱ्यालगत पोवळीं घर करतात. पुढें लक्षावधि वर्षें तो डोंगर हळूहळू खालीं बसत जातो आणि पोवळीं प्रकाशाच्या ओढीनें तितक्याच वेगानें वर बांधीत राहतात. शेवटीं डोंगर दिसेनासा होतो व त्याच्या भोंवतालचें पोवळ्याचें कडें तेवढें उरतें.

हें अनुमान पडताळण्याकरितां १८९६ ते १८९८ या तीन वर्षांत लंडनच्या रॉयल सोसायटीनें फुनाफुटीवरच गिरमिट लावून भोंक पाडविलें. तें १,११४ फुटांपर्यंत गेलें, आणि तळापर्यंत पोवळ्याचा चुनखडकच लागला. जो प्राणी दीडशें फुटांखालीं घर बांधीत नाहीं त्याचें घर अकराशें फुटांवर सांपडावें, याचा अर्थ तळ खचला असला पाहिजे. तरी शंका घेणारे उरलेच. पुढें १९५२ सालीं मार्शल बेटांतील एनिवेटोक येथें चार हजार फुटांहून खोल भोंक पाडलें, तेव्हां तळाशीं ज्वालामुखीचा काळा पाषाण हातीं लागला व वाद मिटला.

या काळ्या पाषाणाशीं आपलेंहि नातें आहे. खानदेशची काळी जमीन ज्या खडकापासून झाली, तो सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेला लाव्हारस होय. हा भूभाग उत्तरेकडे सरकत गेला, आणि ज्या उष्ण स्थानांतून तो रस आला त्याच्याच पुढील उद्रेकांनीं समुद्राखालीं एक डोंगररांग तयार झाली. तिच्या माथ्यावर आज लक्षद्वीप व मालदीव हीं पोवळ्याचीं बेटें उभीं आहेत. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें ६५ मैलांवर भर समुद्रांतहि पोवळ्याचें एक विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्र्यांच्या नांवावरून त्यास आंग्रे बँक म्हणतात. त्याचा माथा पाण्याखालीं साठ-पासष्ट फुटांवरच राहिल्यामुळें त्याचें बेट झालें नाहीं.

जमीन

अशा बेटावरची जमीन म्हणजे लाटांनीं फोडून टाकलेल्या पोवळ्यांचा चुरा. चिकणमाती तींत नाहींच. ज्यानें चुनखडीच्या रानांत पीक घेऊन पाहिलें आहे, त्यास पानें पिवळीं पडण्याचा अनुभव असेलच; चुन्याचें प्रमाण वाढलें कीं मुळांना लोह मिळत नाहीं. फुनाफुटीची जमीन बहुतेक निव्वळ चुन्याचीच, तेव्हां तेथील अडचण किती असेल याची कल्पना करावी. नत्र व पालाशहि तींत नांवापुरतेंच असतें. पाणी तर ओतल्याबरोबर खालीं जातें. अशा वाळूंत आपोआप तग धरतो तो नारळ. त्याच्या जोडीस केवड्याच्या जातीचीं झाडें व नीरफणस हीं घराभोंवतीं लावलेलीं असतात. नारळाचा एकहि भाग वांया जात नाहीं. खोबरें अन्नाकरितां व विक्रीकरितां, शहाळें पाण्याकरितां, झावळी छपराकरितां, काथ्या दोराकरितां. पोगीला चीर देऊन सकाळसंध्याकाळ गोड रस काढण्याची कलाहि आपल्या कोंकणाप्रमाणें तेथें आहे.

गोडें पाणी कोठें राहतें

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. एवढा पाऊस वाळूंत मुरतो तो जातो कोठें? खालीं तर चोहोंकडून समुद्राचें पाणी झिरपलेलें असतें. येथें निसर्गाची एक युक्ति उपयोगीं पडते. गोडें पाणी खाऱ्याहून हलकें असतें, म्हणून तें त्याच्यावर तरंगतें. तेल पाण्यावर तरंगतें तसेंच हें समजावें. बेटाच्या मध्यभागीं या गोड्या पाण्याचा थर जाड व काठाकडे पातळ होत जातो. म्हणजे त्याचा आकार भिंगासारखा होतो. जेथें बेटाची रुंदी फार कमी तेथें भिंग धरतच नाहीं.

या भिंगाचा हिशेब हॉलंडचा गायबेन व जर्मनीचा हर्झबर्ग या दोघांनीं स्वतंत्रपणें मांडला असून तो १९०१ पर्यंत प्रसिद्ध झाला होता. हिशेब सोपा आहे. समुद्राच्या ४० घागरी पाण्याचें वजन गोड्या पाण्याच्या ४१ घागरींइतकें भरतें. म्हणून बेटाखालीं ४१ फूट गोड्या पाण्याचा स्तंभ ४० फूट समुद्राच्या पाण्याशीं तोलून राहतो. त्यांतला एक फूट समुद्रसपाटीच्या वर आणि ४० फूट खालीं. यावरून उलट गणित करावें. विहिरींतून उपसा करून वरची पातळी सहा इंचांनीं उतरविली, तर कालांतरानें खालचें खारें पाणी वीस फूट वर चढतें. ज्यानें वरचें बोटभर पाणी काढलें, त्यानें खालून चाळीस बोटें मीठ वर बोलाविलें!

प्रत्यक्षांत स्थिति याहूनहि नाजूक असते. वरच्या वाळूच्या थराखालीं जुना, भोंकाभोंकांचा पोवळ्याचा खडक असतो. त्यांतून समुद्राचें पाणी सहज ये-जा करतें. भरती-ओहोटीबरोबर हें भिंग दिवसांतून दोनदां वर उचललें जातें व खालीं बसतें आणि प्रत्येक वेळीं त्याच्या तळाशीं गोडें-खारें मिसळतें. त्यामुळें हिशेबानें येते तितकी जाडी हातीं लागत नाहीं. म्हणून अशा बेटावर पाण्यासाठीं खोल जाणें हा शुद्ध आत्मघात होय. विहीर उथळ असावी, पाणी वरवरचें निवळून घ्यावें, आणि एकाच जागीं जोराचा उपसा करूं नये, हाच नियम. शेजारच्या किरिबाती देशांत तारावा बेटावर याच तत्त्वानें जमिनीखालीं आडव्या सच्छिद्र नळ्या घालून पाणी अलगद गोळा करतात.

खड्ड्यांतील शेती

या भिंगाचा शोध शास्त्रज्ञांनीं लावला त्याच्या कितीतरी आधीं तेथील शेतकऱ्यांनीं त्याचा उपयोग करून घेतला होता. त्यांचें मुख्य पीक पुलाका. हें आपल्या अळूच्याच कुळांतलें आहे. पण पान माणसाहून उंच जातें व कंद मणावारी होऊं शकतो. त्यास मुळाशीं सतत ओल लागते. वाळूंत ओल टिकत नाहीं, म्हणून या लोकांनीं पीक पाण्यापाशीं नेलें. बेटाच्या मध्यभागीं, जेथें भिंग जाड तेथें, वाळू व खडक फोडून गोडें पाणी लागेपर्यंत मोठाले खड्डे खणले. पोलादी हत्यारें त्या बेटांवर येण्यापूर्वीं शिंपल्याच्या व लांकडाच्या अवजारांनीं हें काम झालें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्यांच्या कष्टांची कल्पना येते.

खड्डा खणला म्हणजे शेत झालें असें नाहीं. माती करावयाची राहिलीच. ती ते पाल्याची करतात. प्रत्येक रोपाभोंवतीं केवड्याच्या किंवा नारळीच्या पानांचें एक बिनबुडाचें टोपलें विणतात आणि त्यांत नीरफणसाचा व इतर झाडांचा पाला थरांवर थर घालीत जातात. पाला कुजून काळी माती होते व कंद तींत फुगतो. कोणता पाला किती वाळवून घालावा, हें ज्या त्या घराण्याचें गुपित असतें. मोठा कंद काढणाऱ्यास गांवांत मान मिळतो. अळूप्रमाणें व सुरणाप्रमाणें हा कंद खाजरा असल्यानें पुष्कळ वेळ शिजवावा लागतो. पण त्याचा एक मोठा गुण असा कीं, तो वर्षानुवर्षें खड्ड्यांत ठेवतां येतो. म्हणजे खड्डा हें एकाच वेळीं शेतहि असतें आणि पेंवहि. वादळांत नीरफणस व नारळ पडले तर पुलाका घर तारून नेतो.

वांटणी व वहिवाट

सहाशें एकरांत सर्वांनीं जगावयाचें, तर नियम कडक असणारच. तुवालूंत बरीच जमीन एकत्र कुटुंबाच्या नांवें चालते. या पद्धतीस ‘काईतासी’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘एकत्र जेवणें’ असा आहे. गांवचा निर्णय वडीलधाऱ्यांच्या सभेंत होतो. तुवालूच्या पूर्वेस, दुसऱ्या एका देशांत, पुकापुका नांवाचें याच प्रकारचें पोवळ्याचें बेट आहे. तेथील तीन गांवांनीं आपापल्या हद्दींत नारळीचीं राखीव रानें ठेवलीं. ठराविक काळ तीं बंद असतात, गांवचे राखणदार पहारा करतात, आणि तीं उघडलीं कीं माणशीं वांटा पडतो.

आपल्या धुळें जिल्ह्यांत पांझरेच्या कांठीं शेंकडों वर्षें चालत आलेली फडपद्धति ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना हें वाचून नवल वाटणार नाहीं. बंधाऱ्यांतलें पाणी पाहून कोणत्या फडांत कोणतें पीक घ्यावयाचें हें सर्वांनीं मिळून ठरवावें, एका फडांत एकच पीक असावें, आणि पाटकऱ्यानें पाळीनें पाणी द्यावें, ही रीत व पुकापुकाची रीत एकाच गरजेंतून निघाल्या आहेत. जेथें वस्तु थोडी व खाणारे ठरलेले, तेथें शहाणीं माणसें हाव आंवरण्याची व्यवस्था आधीं लावतात.

धांवपट्टी व समुद्र

दुसऱ्या महायुद्धांत हा तोल ढळला. १९४२ च्या अखेरीस अमेरिकन सैन्य फुनाफुटीवर उतरलें आणि जपान्यांशीं लढण्याकरितां तेथें विमानांची धांवपट्टी बांधली गेली. ती बांधावयाची तर रुंद व सपाट जागा हवी, आणि अशी जागा बेटाच्या मध्यभागींच होती. नारळी तुटल्या, पुलाकाचे खड्डे व दलदल बुजली, आणि भरावाकरितां इतरत्र पोवळ्याचा खडक खणून मोठे खळगे पडले. ते खळगे भरून काढण्यास २०१५ साल उजाडावें लागलें. ज्या भूमीखालीं गोड्या पाण्याचें भिंग सर्वांत जाड असावयाचें, तीवर धांवपट्टी बसली व भोंवतीं दाट वस्ती वाढली. संडासांचें पाणी वाळूंतून थेट भिंगांत उतरूं लागलें. आतां फुनाफुटीचे लोक पिण्यासाठीं विहिरीवर विसंबत नाहींत. पत्र्याच्या छपरावरचें पावसाचें पाणी पन्हळींतून टाकींत घेतात, त्यावरच त्यांचें भागतें. २०११ सालीं अनेक महिने पाऊस ओढला तेव्हां सरकारला आणीबाणी पुकारावी लागली. एका घरास दिवसाला दोन बादल्या, म्हणजे सुमारें ४० लिटर पाणी मिळे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथून समुद्राचें पाणी गोडें करणारीं यंत्रें विमानानें आणावीं लागलीं.

त्यांत समुद्र चढतो आहे. गेल्या तीस वर्षांत तेथील पाण्याची पातळी सुमारें सहा इंचांनीं वाढली. समुद्र बेट गिळून टाकील असें सरसकट बोललें जातें; परंतु जुनीं व नवीं हवाई छायाचित्रें ताडून पाहणाऱ्यांस १९७१ ते २०१४ या काळांत तुवालूची एकंदर जमीन थोडी वाढलेलीच आढळली, कारण लाटा पोवळ्याचा चुरा आणून टाकीतच असतात. यावरून धोका नाहीं असें मात्र समजूं नये. मोठ्या उधाणाच्या दिवशीं पाणी किनारा ओलांडून येण्याआधींच बेटाच्या मध्यभागीं जमिनींतून उफाळून वर येतें. पूर्वीं जेथें दलदल होती तेथलीं घरें व पुलाकाचे खड्डे खाऱ्या पाण्यानें भरतात. जमिनीचें क्षेत्र कायम राहतें आणि तिचें सत्त्व जातें. नोव्हेंबर १९२३ मध्यें नव्हे, तर अगदीं अलीकडे नोव्हेंबर २०२३ मध्यें, या देशानें ऑस्ट्रेलियाशीं करार केला. तो ऑगस्ट २०२४ पासून अमलांत आला असून त्यान्वयें दर वर्षीं २८० पर्यंत लोकांना तेथें जाऊन राहण्याची मोकळीक मिळाली आहे. दहा-अकरा हजारांच्या देशास हा आंकडा लहान नाहीं.

आपणांस काय घेतां येईल

आपल्या विहिरीखालीं समुद्र नाहीं, हें खरें. परंतु आपल्या पायांखालचें पाणीहि मागल्या पावसांची शिल्लकच आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, त्यांत पावसाचें पाणी मुरतें व तापीच्या गाळाच्या जमिनींत उतरतें. त्यावर रावेर-यावलच्या केळीच्या बागा उभ्या राहिल्या. मोटेच्या काळीं उपसा बैलाच्या दमाइतका होता. पुढें विजेचे पंप आले, विहिरींत आडवीं-उभीं भोंकें पडलीं, मग शेंकडों फुटांच्या कूपनलिका गेल्या, आणि सरकारी भूजल-पाहणींत या तालुक्यांची नोंद अतिउपशाचे म्हणून झाली. आणि मिठाचें म्हणाल तर तेंहि फार दूर नाहीं. चांगदेवाजवळ तापीस मिळणारी पूर्णा ज्या मुलखांतून येते, त्या बुलढाणा, अकोला व अमरावती जिल्ह्यांत मोठा खारपाण पट्टा आहे. तेथें विहिरीला भरपूर पाणी असूनहि तें पिकास चालत नाहीं.

फुनाफुटीच्या शेतकऱ्याचा शहाणपणा हा कीं, पाण्याचा थर किती पातळ आहे हें तो जाणून होता. त्याच्या खड्ड्यांत पाणी डोळ्यांपुढें असे; हातभर चढलें-उतरलें तर लगेच दिसे. आपलें पाणी नळीच्या अंधारांत गेल्यामुळें दिसत नाहीं, आणि न दिसणारी शिल्लक माणूस अमर्याद समजतो. म्हणून पहिला उपाय मोजमापाचा आहे. प्रत्येक गांवीं निदान चार-पांच विहिरी निवडाव्या, दर वर्षीं दसऱ्यास व आखाजीस त्यांतील पाण्याची खोली दोरीनें मोजावी, आणि तो आंकडा गांवच्या वहींत सर्वांस दिसेल असा लिहावा. आखाजीचा आंकडा मागील वर्षाहून खालीं गेला, तर पुढील सालीं बारमाही पीक किती करावयाचें तें गांवानें बसून ठरवावें. नाल्यांत पाणी अडविणें, बांधावरचा पाला न जाळतां जमिनींत कुजविणें, हीं कामें त्याच्या जोडीनें चालवावीं. दोरीला खर्च नाहीं, वहीला दोन पैसे पडतात. येत्या दसऱ्यापासून आरंभ करण्यास कोणतीच अडचण दिसत नाहीं.